मायन्यापासून ताज्या कलमापर्यंत

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. 160 चौरस फुटांच्या त्या खोलीत आमच्या तीन पिढ्या राहिल्या, त्यामुळे तिथे ज्याचा उपयोग नाही असं काही टिकायचं नाही. तरीही ट्रंकेच्या तळाशी सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा निघाला. आजोबा स्प्रिंग मिलच्या साचेखात्यात होते आणि आजी संगमेश्वर तालुक्यात गावाकडे. गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत असे हजारो संसार दोन ठिकाणी चालायचे. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ला गिरणगाव का डोलला, ते आमच्या चाळीत कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं.

आजीला लिहिता येत नव्हतं. तिच्या वतीनं शाळेचे मास्तर लिहायचे, आणि तेही सासऱ्यांच्या समोर बसून. त्यामुळे पत्र सुरू व्हायचं ‘पत्रास कारण की’नं. मग भाताचं काय झालं, कुणाचं लग्न ठरलं, पैसे पोचले, आणि शेवटी ‘मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’. एका पत्रात मात्र खाली, अगदी कडेला, मास्तरांच्याच अक्षरात ता. क. आहे: ‘तांबडी व्याली. खरवस केला होता. तुमच्या वाटणीचा कोणास दिला नाही. दोन दिवस ठेवला, मग नासला.’

सासरे ऐकत असताना, मास्तर लिहीत असताना, एका बाईनं नवऱ्याला याहून जास्त काय सांगायचं? ते पत्र वाचून मी ट्रंकेपाशीच बसून राहिले. प्रेमाचा एक शब्द त्यात नाही. पण आजोबांनी ते पत्र जन्मभर का जपलं, हे मला त्या चार वाक्यांत कळलं.

आज ज्यांचा नवरा, बायको किंवा जोडीदार लांब आहे त्यांच्यासाठी हा लेख लिहिते आहे. कुणी बोटीवर, कुणी आखातात, कुणी सीमेवर, कुणी बेंगळुरूत नाहीतर जर्मनीत. तुमच्या हातात फोन आहे, रोज चेहरा दिसतो, मग पत्र कशाला, असं वाटणं साहजिक आहे. फोनला मी नावं ठेवणार नाही. माझं लग्न झालं तेव्हा माझा नवरा बोटीवर होता, आणि बंदराला लागल्यावर त्याचा जो पाच मिनिटांचा फोन यायचा त्यासाठी मी शेजाऱ्यांच्या दारात उभी राहिलेली आहे. पण रोजच्या फोनवर काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. ‘जेवलीस?’ ‘जेवले. तू?’ ‘झालं आत्ता.’ मग नेटवर्क, मग कुणीतरी मधे येतं, मग झोप. जे बोलायला सुरुवात करायला दहा मिनिटं गप्प बसावं लागतं, ते फोनवर येतच नाही. पत्र त्यासाठी लिहायचं. शिवाय पत्र पुन्हा वाचता येतं. रात्री दोन वाजता, आजारी असताना, भांडण झाल्यावर, माणूस ते उघडून बसू शकतो.

आता लिहायचं कसं ते सांगते.

मायन्यापाशीच पुष्कळ जण अडतात. जुन्या पत्रांत बायकोसाठी स्वतंत्र मायना असणंच दुर्मीळ होतं. नवरा पत्र लिहायचा वडिलांना, तीर्थरूप म्हणून, आणि बायकोच्या वाट्याला ‘घरातील मंडळींस’ एवढंच यायचं. तुमच्यावर ती सक्ती नाही, तेव्हा तिचा फायदा घ्या. आसपास कुणी नसताना तुम्ही त्याला किंवा तिला ज्या नावानं हाक मारता, तेच नाव वर लिहा. ‘प्रिय’ लिहायला लाज वाटत असेल तर लिहू नका, नुसतं नाव पुरतं. मात्र तारीख, वेळ आणि कुठे बसून लिहिताय ते अवश्य लिहा. ‘बुधवार, रात्रीचे साडेअकरा, गॅलरीत, आई झोपली आहे’ एवढ्या ओळीनं वाचणारा तुमच्या शेजारी येऊन बसतो.

मजकुरात सगळ्यात मोठी चूक होते ती ‘खूप’ या शब्दानं. खूप आठवण येते, खूप एकटं वाटतं, खूप प्रेम करते. हे खोटं नसतं, पण हे वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतं. एक उदाहरण देते. समजा पावसाळ्यात तुम्ही लिहिलंत, ‘इथे खूप पाऊस आहे, तुझी खूप आठवण येते.’ आता तेच असं लिहून बघा:

‘काल हिंदमाताला गुडघाभर पाणी होतं. चपला हातात घेऊन परळ स्टेशनपासून चालत आले. गेल्या वर्षी असंच आलो होतो तेव्हा तू पुढे होतास आणि गटाराचं झाकण उघडं आहे का ते छत्रीच्या टोकानं चाचपत होतास. मला तेव्हा तुझा राग आला होता, किती हळू चालतोस म्हणून. काल मी तशीच चाचपत आले. पाऊण तास लागला.’

आठवण हा शब्द यात कुठेच नाही, आणि तरी हे पत्र ज्याला मिळेल त्याला पाऊण तास म्हणजे काय ते कळेल. आजीच्या खरवसातही हेच होतं. म्हणून लिहून झाल्यावर पत्रातले ‘खूप’ मोजा. प्रत्येक ‘खूप’च्या जागी तो ज्या दिवशी, ज्या वस्तूमुळे, ज्या क्षणी वाटला ते लिहा. रिकामी खुर्ची, दोनच पोळ्या उरल्यावर काय केलंत, आंबेडकर जयंतीला चाळीच्या मैदानात रोषणाई झाली तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूला उभे होतात, गणपतीत त्याची आरतीची जागा कुणी घेतली. लांब गेलेल्या माणसाला घरातलं मोठं काही कळतंच, लग्न, बारसं, आजारपण. ज्याला तो पारखा होतो ते हे बारीकसारीक. कोपऱ्यावरचा चहावाला बदलला, नळाचं पाणी आता पहाटे पाचला येतं, समोरच्या आजी त्याची चौकशी करतात.

दुसरं, पत्र लिहिताना त्याचं मागचं पत्र समोर ठेवा. नसेल तर निदान मागच्या आठवड्यात फोनवर तो काय म्हणाला होता ते आठवा. बरीचशी पत्रं दोन भाषणांसारखी होतात: हा आपलं सांगतो, ती आपलं सांगते. त्यानं लिहिलं असेल की खोलीतला केरळचा सोबती घरी जाऊन परत आला, तर विचारा, तो आता नीट जेवतो का? तिनं लिहिलं असेल की वॉर्डातली एक म्हातारी पेशंट गेली, तर त्या म्हातारीबद्दल दोन ओळी लिहा. आपण लिहिलेलं कुणीतरी लक्ष देऊन वाचलं, याचा पुरावा मिळण्यासारखं सुख परमुलखात दुसरं नाही. पत्रात निदान तीन खरे प्रश्न असावेत, ज्यांची उत्तरं ‘ठीक आहे’ अशी देता येणार नाहीत.

आणि आपली अवस्थाही लिहा. आमच्याकडे बायका ‘इकडे सर्व क्षेम आहे, काळजी नसावी’ लिहितात आणि रात्रभर जागतात. पुरुष तर विचारूच नका. ताप येऊन गेल्यावर सहा महिन्यांनी सांगतात. समोरच्याला काळजी वाटू नये म्हणून लपवलेली गोष्ट नंतर कळते तेव्हा ती लपवल्याचं दुःख जास्त होतं. घाबरवायचं नाही, पण ‘मला भीती वाटली’ हे लिहायला हरकत नाही.

रागाबद्दल मात्र मला माझी स्वतःची चूक सांगायला हवी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी नवऱ्याला एक पत्र लिहिलं. तीन बंदरं झाली होती आणि त्याचा फोन आला नव्हता. इकडे मुलाला गोवर, सासूबाईंशी कुरबूर, आणि मी रात्री दोनला बसून चार पानं भरली. ‘तुला आमची गरजच नाही’ इथपर्यंत गेले. सकाळी कंपनीच्या ऑफिसात पाकीट देऊन आले. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. मधल्या काळात त्याच्या हाताला भाजलं होतं आणि ते मला कळू नये म्हणून तो फोन टाळत होता. आम्ही दोघंही रडलो, मिटलं. पण माझं पत्र निघालेलं होतं. ते एका बंदरातून दुसऱ्या बंदराकडे बोटीच्या मागे मागे फिरत राहिलं आणि सात आठवड्यांनी त्याच्या हातात पडलं. माझा राग केव्हाच निवला होता, पत्रातला तसाच तापलेला होता. त्यानं ते एकट्यानं, समुद्राच्या मधोमध वाचलं, आणि त्याला ‘ते मागचं आहे’ असं सांगायलाही मी तिथे नव्हते.

तेव्हापासून माझा नेम आहे: रागाचं पत्र लिहायचं, पण दोन रात्री उशीखाली ठेवायचं. तिसऱ्या दिवशी वाचून त्यातले निवाडे काढून टाकायचे आणि घडलेलं तेवढं ठेवायचं. ‘तू बदललास’ हा निवाडा. ‘तीन रविवार रात्री आठला भांडी तशीच ठेवून फोनपाशी बसले’ हे घडलेलं. पहिल्याला माणूस भांडून उत्तर देतो. दुसऱ्याला त्याला काही उत्तर सुचत नाही, तो फोन करतो.

याचा अर्थ तक्रार लिहूच नये असा नाही. आनंदीबाई जोशी 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी एकट्या अमेरिकेला गेल्या आणि 1886 साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्या काळात त्यांचा आणि गोपाळरावांचा संसार पत्रांवरच चालला होता. गोपाळरावांच्या संशयी, टोचणाऱ्या पत्रांना उत्तर देताना आनंदीबाईंनी एका पत्रात लहान वयात त्यांच्या हातून झालेल्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली. त्या वयाच्या, त्या काळच्या मुलीनं हे समोर उभं राहून बोलणं मला अशक्य वाटतं. कागदानं तिला ते बळ दिलं. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात ही पत्रं आहेत. ज्यांना वाटतं की पत्र म्हणजे नुसती गोड बोलणी, त्यांनी ती जरूर वाचावीत. लांब असलेला जोडीदार पत्रांतून धमकावत असेल, क्षणाक्षणाचा हिशेब मागत असेल, तर हृद्य पत्र हा त्यावरचा उपाय नव्हे. ते पत्र जपून ठेवा आणि घरातल्या एखाद्या खंबीर माणसाला दाखवा.

लग्नाआधी दूर असलेल्यांनी ‘कुसुमानिल’ वाचावं. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा लग्नापूर्वीचा पत्रव्यवहार आहे तो. नक्कल करायला नव्हे. दोन माणसं एकमेकांना पत्रांतून कशी ओळखत जातात ते बघायला.

पैशांचं काय? आजोबांच्या काळी मनिऑर्डरच्या कुपनावर दोन-चार ओळींची जागा असायची, आणि कित्येक घरांत नवऱ्याचं सगळं पत्र तेवढंच असायचं: पैसे आणि खुशाली एकाच चिटोऱ्यावर. आज माझा सल्ला असा की हप्ता, लाइट बिल, शाळेची फी हे मेसेजवर बोला. हे पत्र दहा वर्षांनी कुणीतरी उघडणार आहे. त्यात फीची थकबाकी नको.

भाषेची भीती बाळगू नका. इंग्रजी शाळेत शिकलेली आमच्या नात्यातली एक मुलगी मला म्हणाली, ‘मावशी, माझं मराठी लिहिणं अगदी वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं.’ मी म्हटलं, तो काय पेपर तपासणार आहे? जसं बोलता तसं लिहा. मालवणीत बोलत असाल तर मालवणीत, साताऱ्याकडचं असेल तर तसं. जोडीदाराला तुमचा आवाज ऐकू यायला हवा, आणि पुस्तकी शब्दांत तो ऐकू येत नाही. लिहायला सुचतच नसेल तर आधी फोनवर स्वतःशी बोलून रेकॉर्ड करा आणि मग ते ऐकत कागदावर उतरवा. अक्षर वाईट असलं तरी हातानंच लिहा. थकल्यावर ओळ खाली घसरते, भावनेच्या भरात अक्षर मोठं होतं, तेही वाचणारा वाचत असतो.

लिहायला जागा नाही ही आपल्याकडची खरी अडचण. एका खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू. मी माझी निम्मी पत्रं फाइव्ह गार्डन्सच्या बाकावर लिहिली. नायगावातून चालत जायचं, सकाळी सातच्या आत, फेऱ्या मारणारे असतात पण कुणी डोकावत नाही. गॅलरी, जिना, देवळाचा कट्टा, दुपारची रिकामी लोकल, जे मिळेल ते. अर्धा तास पुरतो. दीड-दोन पानांचं पत्र चांगलं होतं. चार पानं झाली की बहुधा शेवटची दोन रडगाण्याची असतात.

वार ठरवून घ्या. आठवड्याला एक झेपत नसेल तर पंधरवड्याला एक, पण ठरलेल्या वारी. पहिल्या महिन्यात आठ आणि मग तीन महिने एकही नाही, याचा जिवाला घोर लागतो. पत्रांना क्रमांक घाला, कोपऱ्यात 1, 2, 3. परदेशी आणि बोटीवरची पत्रं उलटसुलट पोचतात. क्रमांक असला की आधीचं कोणतं ते कळतं, आणि हरवलं तर तेही कळतं.

थोडं पोस्टाचं. निळं अंतर्देशीय पत्र आजही अडीच रुपयांना मिळतं आणि एका पत्राला जागा पुरते. मात्र त्याच्या आत काहीही घालायचं नसतं, फोटो नाही, फूल नाही. काही पाठवायचं असेल तर पाकीट घ्या. पत्ता बॉलपेननं लिहा. जेल पेनची शाई मुंबईच्या पावसात पोस्टमनच्या पिशवीतच पसरते. पिनकोड पूर्ण लिहा, आमचा दादर-नायगावचा 400014. पत्र पोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्ट. 2025 पासून रजिस्टर पोस्टही त्यातच सामावलं आहे, त्यामुळे खिडकीवर जुनं रजिस्टर मागू नका. जोडीदार सैन्यात असेल तर क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘द्वारा 56 एपीओ’ किंवा 99 एपीओ, जे त्यानं सांगितलं असेल ते. गावाचं, ठाण्याचं नाव पत्त्यात किंवा पत्रातही लिहू नये. बोटीवरच्या माणसासाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे त्या बोटीवर चढायला निघालेला दुसरा खलाशी. कंपनीत विचारा, कोण कधी निघतंय, आणि त्याच्या हाती द्या.

पाकिटात काय घालावं? लोकलचं जुनं तिकीट, मुलाच्या पंजाची पेन्सिलनं काढलेली आकृती, मंडळाच्या वर्गणीची त्याच्या नावाची पावती. मी एकदा सुकवलेल्या सोनचाफ्याच्या दोन पाकळ्या घातल्या होत्या, वास महिनाभर राहिला असं तो म्हणाला. पण परदेशी, विशेषतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला, पान-फूल-बी काही पाठवू नका. तिथले नियम कडक आहेत, पाकीट अडकतं.

आलेली पत्रं फोटो काढून स्टेटसवर लावू नका. आजीचं पत्र मास्तर वाचायचे, सासरे ऐकायचे, पोस्टमनलाही ठाऊक असायचं. दोघांपुरतं पत्र तिला एकही मिळालं नाही. तुम्हाला मिळतंय. प्लॅस्टिकच्या पिशवीतही ठेवू नका, दमट हवेत कागद चिकटतात. पत्र्याचा डबा घ्या, तळाला कडुनिंबाची सुकलेली पानं टाका, आणि पावसाळा संपल्यावर एकदा ऊन दाखवा. चाळ सोडताना, घर बदलताना तो डबा सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातात घ्या.

आणि ता. क. लिहायला विसरू नका. सही करून झाल्यावर, पत्र घडी घालायच्या आधी थोडं थांबा. सगळं नीट सांगून झालेलं असतं, हात सैल झालेला असतो, आणि मनात जे खरोखर असतं ते तेव्हा वर येतं. माझ्या नवऱ्याच्या पत्रांत वर बोटीचं, हवेचं, जेवणाचं असायचं, आणि खाली ता. क.: ‘तुझा कंगवा चुकून माझ्या बॅगेत आला आहे. परत देणार नाही.’ तो कंगवा अजून घरात आहे, दोन दात तुटलेला.

पुढच्या रविवारी फोन थोडा लवकर ठेवा आणि लिहायला बसा. पहिली ओळ सुचत नसेल तर आज सकाळी नळाला पाणी किती वाजता आलं ते लिहा, पुढचं येतं. सोमवारी कामाला जाताना पत्र बरोबर न्या. लाल पेटीवर डाक काढायची वेळ लिहिलेली असते, त्याआधी टाका.